जुन्या चर्चच्या खिडकीत आजच्या काळाची रंगीत काच बसवावी काय?

कॅम्पकर (धागाकर्ता)

सर्व सभासदांस नमस्कार. आमचे चर्च पुण्याच्या कॅम्प भागात असून इमारत दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिच्या दक्षिणेकडच्या भिंतीत टोकदार कमानीच्या पाच खिडक्या आहेत आणि त्यांपैकी चारांतील मूळच्या रंगीत काचा अजून शाबूत आहेत. पाचवी खिडकी काही वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात आवारातल्या झाडाची फांदी आदळून फुटली. दुरुस्तीचे काम ज्याला दिले होते त्याने काचांचे तुकडे जोडणाऱ्या, आता वाकलेल्या शिशाच्या पट्ट्या आणि ते तुकडे जपून ठेवण्याऐवजी भंगारात घातले, त्या जागी न्हाणीघराला लावतात तशी पिनहेड काच बसवली आणि भोवती लांबी (पुट्टी) भरून काम पूर्ण झाल्याचे कळवले. तेव्हापासून रविवारी उपासनेला बसले की चार खिडक्यांतून येणारा उजेड निळा, तांबडा, मधासारखा असतो आणि पाचवीतून पांढरा झोत थेट डोळ्यांवर येतो; थंडीच्या दिवसांत तर त्या बाजूच्या दोन बाकांवर लोक बसायचेच टाळतात.

आता मंडळीतील एका कुटुंबाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ नवी खिडकी देऊ केली आहे. पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत, दोन मते पडली आहेत. एका मतानुसार जुनी ‘उत्तम मेंढपाळा’ची, म्हणजे मेंढपाळाच्या रूपातील येशूची, खिडकी जशीच्या तशी पुन्हा करून घ्यावी. अडचण अशी की तिचे एकच छायाचित्र सापडले आहे, तेही एका लग्नातले, कृष्णधवल, आणि त्यात वधूवरांच्या मागे खिडकीचा अर्धाच भाग दिसतो. मेंढपाळाच्या झग्याचा रंग कोणता होता असे विचारले असता एका आजींनी ‘तांबडा’ सांगितले, त्यांच्याच धाकट्या बहिणीने ‘जांभळा’ सांगितले, आणि दोघीही आपापल्या उत्तरावर ठाम आहेत. दुसऱ्या मतानुसार आजच्या चित्रकाराकडून नवे चित्र करून घ्यावे. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण इतर चार खिडक्यांशेजारी ती परकी दिसेल काय, ही शंका मनातून जात नाही. परदेशांत जुन्या चर्चमध्ये अशी कामे झाली आहेत. ती पाहिलेल्या किंवा अभ्यासलेल्या सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाडा_आणि_वेस

मी ख्रिस्ती नाही, परंतु जुन्या इमारतींच्या जतनाचे काम अनेक वर्षे करीत आहे, म्हणून लिहितो. आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आले आहेत आणि ते वेगळे केले नाहीत तर कमिटीतील वाद मिटणार नाही. जागा रिकामी असताना नवे काम बसवणे ही एक गोष्ट झाली. चांगले जुने काम काढून त्याच्या जागी नवे बसवणे ही अगदी निराळी.

पॅरिसच्या नोत्र दाम या कॅथेड्रलचे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे, उदाहरण दुसऱ्या प्रकारचे आहे. २०१९ च्या आगीत तेथील मध्यगृहाच्या दक्षिणेकडील उपमंदिरांच्या (चॅपेलच्या) एकोणिसाव्या शतकातल्या काचा वाचल्या. त्या शतकात तिथला जीर्णोद्धार करणारा वास्तुरचनाकार व्हियोले-ल-द्युक याच्या देखरेखीखालील त्या नक्षीदार खिडक्या कॅथेड्रलच्या संपूर्ण रचनेचा भाग आहेत. तरीही त्यांपैकी सहा खिडक्या काढून तेथे समकालीन काम बसवायचे सरकारने आणि तेथील आर्चबिशपांनी ठरवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये क्लेर ताबुरे या चित्रकर्तीची निवड झाली. तत्पूर्वी फ्रान्सच्या राष्ट्रीय वारसा आयोगाने प्रतिकूल मत दिले होते आणि विरोधाच्या निवेदनावर लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या होत्या. ताबुरे यांच्या चित्रांविषयी माझी तक्रार नाही, पण धडधाकट वस्तू केवळ आपल्या काळाची खूण उमटवायची म्हणून हलवणे मला पटत नाही.

आपली खिडकी मात्र फुटलेली आहे आणि तिचे तुकडेही उरलेले नाहीत. जतनाच्या क्षेत्रात १९६४ ची व्हेनिसची सनद आजही प्रमाण मानली जाते. तिचे म्हणणे असे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि त्यापलीकडे जे करणे भाग आहे त्यावर आपल्या काळाचा ठसा स्पष्ट दिसला पाहिजे. झग्याचा रंग दोन बहिणींना दोन आठवतो आहे, म्हणजे अंदाज तिथेच सुरू झाला. नक्कल केली तर तीही नवीच खिडकी होईल, फक्त जुनी असल्याचे भासवणारी.

गुरुवारपेठ

वरील प्रतिसादातील तर्क मान्य केला तरी मला मंडळीच्या बाजूने एक गोष्ट मांडायची आहे. मी पुण्यातल्याच पंचहौदच्या चर्चमध्ये लहानाचा मोठा झालो. १८८५ साली प्रतिष्ठापना झालेल्या त्या वास्तूत बसून उपदेश लांबला की आम्ही मुले खिडक्या पाहत असू. चित्रातला माणूस कोण, त्याच्या हातात काय आहे, त्याच्या पायाशी कोकरू का आहे, हे आई हळू आवाजात सांगत असे. खिडकी हे आमचे पहिले पुस्तक होते. आजकालच्या काचकामात नुसते रंगांचे चौकोन किंवा फराटे असतील तर आई मुलाला काय सांगणार?

जर्मनीतील कलोनच्या कॅथेड्रलमध्ये हेच घडले. दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीची जुनी काच दुसऱ्या महायुद्धात गेली होती आणि तिथे साधी काच होती. विसाव्या शतकातील हुतात्मे तिथे दाखवावेत, अशी मूळ इच्छा होती. परंतु चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांनी केलेल्या खिडकीत एकही आकृती नाही. ७२ रंगांचे ११ हजारांहून अधिक चौकोन, आणि त्यांची मांडणी संगणकाने यदृच्छेने केलेली. २००७ मध्ये तिचे अनावरण झाले तेव्हा तिथले आर्चबिशप कार्डिनल माइस्नर नाराज होते. ही खिडकी मशिदीत किंवा अन्य प्रार्थनागृहात अधिक शोभली असती, असे ते म्हणाले. त्यांच्या शब्दांचे मी समर्थन करीत नाही, पण ज्या मनुष्याला त्या वेदीसमोर रोज उभे राहायचे आहे त्याची अडचण मला समजते.

शिसे_आणि_काच

गुरुवारपेठ यांचा प्रतिसाद मनापासून आवडला. त्यांनी दिलेल्या कलोनच्या उदाहरणात एक तपशील जोडतो, कारण त्याने चित्र बरेच बदलते. मी ती खिडकी पाहिली आहे. रिश्टर यांनी ते ७२ रंग मनाने घेतलेले नाहीत. त्या कॅथेड्रलच्या जुन्या खिडक्यांमध्ये जे रंग आहेत त्यांतूनच ते निवडले आहेत. दुपारी बाराच्या सुमारास मी तिथे उभा होतो तेव्हा शेजारच्या भिंतीवर आणि खांबांवर पडलेला उजेड जुन्या खिडक्यांतल्या उजेडाहून वेगळा काढता येत नव्हता. खिडकी नवी दिसते, उजेड मात्र त्या इमारतीचाच वाटतो. कॅम्पकर यांना परकेपणाची जी भीती वाटते तिचे उत्तर मला इथे दिसते: शेजारच्या चार खिडक्यांच्या काचांचे नमुने समोर ठेवून रंग निवडा, मग चित्र कोणत्याही शैलीचे असो.

आता आकृतींविषयी. आधुनिक म्हणजे आकृतिविरहित, हा समज चुकीचा आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यात ट्यूडली नावाचे खेडे आहे. तिथल्या लहानशा जुन्या चर्चच्या बाराही खिडक्या चित्रकार मार्क शगाल याच्या आहेत. १९६३ साली सारा नावाची एकवीस वर्षांची मुलगी शिडाच्या नौकेतून जाताना समुद्रात बुडाली. तिच्या स्मरणार्थ आईवडिलांनी पूर्वेकडची एक खिडकी शगालकडून करून घेतली. खालच्या भागात निळ्या लाटांत ती मुलगी आहे, शोक करणारी आई आहे, तांबड्या घोड्यावरचा स्वार आहे, आणि एक शिडी वर क्रुसावरच्या ख्रिस्तापर्यंत जाते. आई मुलाला सांगू शकेल असे त्यात पुष्कळ आहे. १९६७ मध्ये ती बसवताना शगाल तिथे आला, चर्च पाहिले आणि उरलेल्या खिडक्याही करायचे त्याने कबूल केले. शेवटच्या खिडक्या त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १९८५ मध्ये बसल्या. त्यांच्यासाठी जी व्हिक्टोरियन काच काढावी लागली ती फेकली नाही. ती चर्चच्याच वस्त्रागारात मागून दिवे लावून ठेवली आहे. वाडा_आणि_वेस यांच्या आक्षेपाला एका खेड्यातल्या मंडळीने दिलेले हे उत्तर मला फार सुसंस्कृत वाटते.

आणखी एक. शगालने एकट्याने ते केलेले नाही. फ्रान्समधील रँसच्या कार्यशाळेतील शार्ल मार्क हा काचकारागीर त्याचा सहकारी होता. साध्या काचेवर रंगीत काचेचा पातळ थर चढवलेली एक काच असते. तो थर आम्लाने कमीअधिक खाऊन घेतला की एकाच तुकड्यात गडद निळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत छटा मिळतात आणि प्रत्येक छटेसाठी शिशाची पट्टी घालावी लागत नाही. नंतर शगाल स्वतः त्या काचेवर करड्या रंगाने रेषा काढी आणि मग काच भट्टीत जाई. कागदावरचे चित्र उत्तम आहे म्हणून खिडकी उत्तम होईलच असे नसते. कारागीर आणि चित्रकार एकमेकांचे ऐकत नसतील तर होणारच नाही.

कॅम्पकर (धागाकर्ता)

दोन्ही बाजूंनी इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल आभारी आहे. ट्यूडलीची हकिगत मी त्या कुटुंबाला वाचून दाखवली. त्यांच्या आई तीसएक वर्षे वेदीवरची फुले सजवीत असत आणि त्यांचा निशिगंधावर फार जीव होता. मुलीने विचारले की मेंढपाळाऐवजी निशिगंधाचे दांडे चालतील काय. कमिटीतील ज्येष्ठांना फुलांची खिडकी ‘धार्मिक’ वाटत नाही.

गुरुवारपेठ

मला वाटते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या चर्चमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या सन्मानार्थ २०१८ मध्ये बसवलेली चित्रकार डेव्हिड हॉकनी यांची खिडकी फुललेल्या काटेरी झुडपांचीच आहे. त्यांनी तिचे रेखाटन आयपॅडवर केले आणि यॉर्कजवळच्या कार्यशाळेत ती काचेत उतरली. जी बाई तीस वर्षे वेदीवर निशिगंध ठेवीत होती तिच्या स्मरणार्थ निशिगंध येणार असेल तर माझा आकृतीचा आग्रह मी मागे घेतो. मुलाला सांगण्यासारखी गोष्ट त्यात आहे.

विषय निघालाच आहे तर आपल्याच शहरातल्या एका माणसाची आठवण ठेवावी. अँजेलो दा फोन्सेका यांनी शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून साडी नेसलेली मारिया आणि भारतीय चेहऱ्याचा ख्रिस्त रंगवला. शांतिनिकेतनच्या परंपरेत शिकलेल्या या गोव्याच्या चित्रकाराला त्याच चित्रांपायी स्वकीयांचा रोष सोसावा लागला. १९६७ मध्ये ते गेले. मेंढपाळ करायचाच असेल तर तो घोंगडीवाला धनगर का नसावा, हा प्रश्न मला त्यांच्यामुळे पडतो.

शिसे_आणि_काच

फोन्सेकांचा आदर्श जरूर घ्यावा, पण त्यांचे एखादे चित्र उचलून काचेत बसवू नये. जलरंगातला उजेड कागदावरून परतून येतो, तर काचेतला आरपार येतो. कागदावर सुंदर दिसणारी मंद तपकिरी छटा काचेत गढूळ पाण्यासारखी दिसते.

उत्तरायण

मी वास्तुशास्त्र शिकवतो आणि इमारतीत ऊन कसे फिरते हा माझा अभ्यासाचा विषय आहे. आतापर्यंतची नव्या खिडक्यांची सर्व उदाहरणे उत्तरेकडच्या देशांतली आहेत आणि तिथला नियम इथे जसाच्या तसा लावला तर खिडकी फसेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कलोन सुमारे ५१ अक्षांशांवर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम १५-१६ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ आडवे येते आणि रंग इमारतीच्या पार पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. पुणे साडेअठरा अक्षांशांवर आहे. आपल्याकडे डिसेंबरातली दुपारही ४८ अंशांची असते, म्हणजे रंग खिडकीजवळच्या फरशीवर आणि पहिल्या दोनतीन बाकांवर पडतात. नाताळच्या सकाळच्या उपासनेला ऊन तिरपे असते तेव्हाच ते खोलवर जाईल. पुढे मेच्या मध्यावर सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत येतो. त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन पडतच नाही. त्यातच जूनपासून ढग. थोडक्यात, तुमच्या खिडकीला ऑक्टोबर ते फेब्रुवारी भरपूर ऊन आणि पावसाळाभर फक्त राखाडी आभाळ मिळणार आहे.

युरोपात गडद निळी-तांबडी काच शोभते म्हणून तशीच निवडली तर जानेवारीत ती रत्नासारखी दिसेल आणि आषाढात काळी पडेल. आत ट्यूबलाइट लागल्या की संपलेच, कारण आतला उजेड बाहेरच्यापेक्षा जास्त झाला की रंगीत काच निव्वळ काळ्या फळ्यासारखी दिसते. उलट अगदी फिकी काच घेतली तर हिवाळ्यात आजच्यासारखाच झोत डोळ्यांवर येईल.

यावर मला फ्रान्समधील कोंक येथील मठाच्या चर्चचे उदाहरण उपयोगी वाटते. अकराव्या-बाराव्या शतकातली ती इमारत, आणि तिच्या १०४ खिडक्यांसाठी चित्रकार पिएर सुलाज यांनी १९८७ ते १९९४ या काळात जे काम केले त्यात रंगच नाही. शेकडो चाचण्या करून त्यांनी अशी काच तयार करवून घेतली जी आरपार दिसू देत नाही, पण उजेड आत पसरू देते, आणि तिच्यातला कण जागोजागी कमीजास्त दाट आहे. दिवस सरकतो तशी तीच काच कधी निळसर, कधी नारिंगी दिसते. ऊन मंदावणे आणि पसरवणे हे काम काचेच्या पोताकडून करून घेता येते, त्यासाठी गडद रंग लागत नाही. तुमच्या निशिगंधाच्या पांढऱ्या फुलांसाठी तर हाच मार्ग मला योग्य दिसतो.

वाडा_आणि_वेस

उत्तरायण यांचा प्रतिसाद प्रत्येक पास्टोरेट कमिटीने वाचावा असा आहे. मी फक्त बांधणीविषयी लिहितो. शिशाची पट्टी मऊ असते आणि तिचे आयुष्य साधारण शंभर ते दीडशे वर्षे धरतात. तुमच्या शाबूत चार खिडक्याही आता त्या वयाला आल्या आहेत. बाहेरून पाहिल्यावर एखादा फलक पोटाशी फुगलेला दिसतो काय, ते एकदा तपासून घ्या. नवी खिडकी एकसंध न करता लहान फलकांत करावी, प्रत्येक फलक आडव्या गजांना तांब्याच्या तारेने बांधावा आणि दगडात सिमेंट अजिबात भरू नये. सिमेंट भरले की पुढच्या पिढीला काच सोडवताना दगडाची कड फोडावी लागते.

बाहेरून संरक्षणासाठी पत्रा किंवा प्लॅस्टिकचा पारदर्शक तक्ता घट्ट ठोकतात, तेही टाळावे. असा तक्ता काही वर्षांत पिवळा पडतो आणि मधली हवा कोंडून उन्हाळ्यात तापते, पावसाळ्यात तिथे पाणी साचते. साधी काच थोडे अंतर सोडून, खालीवर हवेला वाट ठेवून बसवावी.

कॅम्पकर (धागाकर्ता)

तीन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. आपल्या सर्वांचे प्रतिसाद छापून कमिटीपुढे ठेवले आणि बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले की चित्र नक्की करण्यापूर्वी नमुने लावून पाहावेत. कारागिरांनी हातभर रुंदीचे तीन फलक करून दिले. ते पिनहेड काचेच्या आतल्या बाजूने गजांना बांधले. पहिला गडद निळ्या-तांबड्याचा, शेजारच्या खिडकीशी जुळणारा. दुसरा जवळजवळ रंगहीन. तिसऱ्यात दुधी, पोत असलेल्या काचेवर निशिगंधाचे दोन दांडे. पाने शेजारच्या खिडकीतल्या हिरव्याची, आणि फुलांच्या कडांना चांदीच्या क्षाराने भट्टीत आणलेला फिका पिवळा.

आषाढातल्या पहिल्या रविवारी बाहेर संततधार होती. आम्ही ट्यूबलाइट मुद्दाम बंद ठेवल्या. पहिला फलक उत्तरायण यांनी लिहिले होते तसाच काळवंडला. त्यातली तांबडी काच वाळलेल्या रक्तासारखी दिसत होती. दुसरा नुसता ओल्या भिंतीसारखा. तिसऱ्यातल्या पाकळ्या मात्र आभाळ होते तेवढ्याच उजळ होत्या आणि कडांचा पिवळा रंग, ऊन नसतानाही, ऊन येणार असल्यासारखा वाटत होता. झग्याचा रंग तांबडा होता असे सांगणाऱ्या आजी त्या बाकावर जाऊन बसल्या आणि उपासना संपेपर्यंत उठल्या नाहीत.

तरीही आम्ही आज निर्णय घेतलेला नाही. ऊन असताना तो फलक डोळ्यांना कसा लागतो, शेजारच्या निळ्याशी त्याचा हिरवा भांडतो काय, हे पाहिल्याखेरीज घेणारही नाही. पहिले दोन फलक काढून कारागिरांकडे परत पाठवले आहेत. तिसरा नाताळच्या सकाळपर्यंत तिथेच राहील. मुलीने एकच दुरुस्ती सुचवली आहे: आई दांडे नेहमी थोडे डावीकडे झुकवून लावीत असे, तेव्हा खिडकीतही ते तसेच असावेत.

शिसे_आणि_काच

कारागिरांना ते आत्ताच सांगा. दांडा झुकला की त्याच्या बाजूची शिशाची रेषाही झुकते आणि गजांच्या जागा त्याप्रमाणे बदलाव्या लागतात. नाताळनंतरचे छायाचित्र ट्यूबलाइट बंद ठेवून, सकाळी नऊच्या सुमारास काढून इथे द्यावे, ही विनंती.